थोरलं काडतूस

रोझेर मिशोच्या दुकानात शिरलं की पुढे खिळे, रंगाचे डबे, बटाटे काढायच्या यंत्राच्या साखळ्या, आणि पार मागे भिंतीला रायफली. त्या रायफलींपुढे एक लाकडी काउंटर आणि काउंटरमागे रोझेर. सेंत-ओडील गावात आणि नदीकाठाने वर-खाली वीस मैलांत कुणाला रायफल घ्यायची झाली, तर तो बायकोला विचारो न विचारो, रोझेरला विचारल्याशिवाय घेत नसे.

आणि रोझेर नुसतं उत्तर देईल तर शपथ. तो खणातून तीन काडतुसं काढी आणि फोटोला उभ्या केलेल्या भावंडांसारखी काउंटरवर ओळीने उभी करी.

"हे धाकटं. सेव्हन-ओ-एट. पोरीबाळींना ठीक आहे. हे मधलं. थर्टी-ऑट-सिक्स. संसारी माणसाचं. आणि हे..." इथे तो चष्मा कपाळावर चढवी. "हे थोरलं. तीनशे मॅग्नम."

"पण मोनोंक, मला हरणंच मारायचीत," गिऱ्हाईक म्हणे. गावातली तरुण मंडळी त्याला मोनोंक, म्हणजे काका, म्हणायची.

"आज हरणं. उद्या परवान्याच्या सोडतीत नाव लागलं आणि मूस पुढ्यात उभा राहिला तर काय धाकट्याने गुदगुल्या करणार त्याला? अरे, हरणाच्याच कुळातला असला तरी घोड्यापेक्षा उंच असतो तो! हरणाला मोठी गोळी लागली तर हरीण काही तक्रार करत नाही. मुसाला छोटी लागली तर तो करतो."

गिऱ्हाईक मॅग्नम घेऊन जाई आणि पुढचा आठवडाभर उजवा खांदा चोळत फिरे. असं निम्म्या खोऱ्याच्या खांद्यांवर रोझेरने थोरलं काडतूस बसवलं होतं. बाजूच्या गावचा गिल्मों थिबोदो तर सहा फूट चार इंच उंच, बटाट्याचं पोतं एका हाताने उचलणारा. त्यालासुद्धा पहिल्या बारानंतर रोझेरने विचारलं, "कसं वाटलं?" तर बिचारा म्हणाला, "छान आहे," आणि डोळ्यांतलं पाणी बाहीला पुसलं.

गंमत अशी की स्वतः रोझेरने जन्मात एकही मूस मारला नव्हता. मारणार कसा? परवाना सोडतीत निघावा लागतो. अर्ज हजारो, परवाने मूठभर. रोझेरने बत्तीस वर्षं अर्ज केला आणि बत्तीस वर्षं दुसऱ्यांची नावं ऐकली. त्याचा मेहुणा लुजे सीर, बटाट्यांचा शेतकरी, दोनदा निवडला गेला होता. त्यातल्या एका वेळी तर आपण अर्ज केल्याचं तो विसरूनही गेला होता. याचं रोझेरला किती दुःख झालं ते त्याचं त्याला ठाऊक.

तेहेतिसाव्या वर्षी, जूनमध्ये, शाळेच्या व्यायामशाळेत सोडतीची नावं वाचली जात असताना रोझेर सवयीने खाली बघत बसला होता. बायको ऑरोरने कोपर मारलं तेव्हा त्याने मान वर केली.

"तुझं नाव," ती म्हणाली.

"कुठलं?"

"तुला आणखी किती नावं आहेत?"

लोक उठून टाळ्या वाजवत होते. कुणीतरी ओरडलं, "आता कळेल मोनोंकचं थोरलं काय करतं ते!" रोझेरनेही हात वर करून हसून दाखवलं. त्याचं वय तेव्हा एकोणसत्तर. एकदा परवाना मिळाला की पुढची काही वर्षं अर्जच करता येत नाही, आणि पुन्हा बत्तीस वर्षं थांबायची त्याची तयारी असली तरी गुडघ्यांची नव्हती. ही एकच संधी. घरी येताना गाडीत तो एक शब्द बोलला नाही. ऑरोरला वाटलं आनंदाने वाचा बसली असेल. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तसं वाटायचं थांबलं.

रोझेर घाबरला होता.

कारण जे कुणालाच माहीत नव्हतं ते त्याला थोडं थोडं माहीत होतं. त्याचे बार हल्ली लागत नव्हते. हल्ली म्हणजे किती वर्षांपासून, हे तो स्वतःलाही विचारत नसे. विशीत असताना वडिलांच्या जुन्या थर्टी-थर्टी रायफलीने एक हरीण जखमी होऊन पळालं. रोझेर म्हणाला, गोळी छोटी पडली. त्याने थर्टी-ऑट-सिक्स घेतली. तिचा दणका जास्त. काही हिवाळ्यांनी आणखी एक पळालं. गोळी छोटी पडली! मग आली तीनशे मॅग्नम. तिचा दणका असा की खांद्यावर काळंनिळं. त्यानंतरही चुकलं तेव्हा वर चढायला पायरी उरली नव्हती, म्हणून त्याने दुर्बीण बदलली. मग दुर्बिणीच्या कड्या बदलल्या. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, त्यातलाच प्रकार. फक्त रोझेरने दर वेळी नवं अंगण विकत घेतलं. जोडा चावतो म्हणून जड जोडा कुणी घेत नाही. शिकारी घेतो.

आणि गेल्या नोव्हेंबरात एक मादी. ओढ्यापर्यंत बर्फात रक्ताचे थेंब, ओढ्यापलीकडे काही नाही. रोझेर दोन दिवस शोधत फिरला. तिसऱ्या दिवशी ऑरोरने कुट्टूची धिरडी, प्लोय, त्याच्या आवडीची, गरम गरम पुढ्यात ठेवली, तर ताट तसंच सारून तो अंथरुणावर जाऊन पडला. हरणाला वेदना द्यायला तो रानात जात नव्हता. असं वागणाऱ्या माणसाला तो स्वतः दुकानातून हाकलून देत असे.

ऑगस्टमध्ये दोघं लुजेच्या शेतामागच्या खडीच्या खाणीत नेमबाजीला गेली. शंभर पावलांवर पुठ्ठा लावला. रोझेरने पाच बार काढले. पाचांपैकी दोन भोकं पुठ्ठ्यावर, तीही एकमेकांशी भांडण झाल्यासारखी दोन टोकांना.

"दुर्बीण हललीय," रोझेर म्हणाला.

"असेल," ऑरोर म्हणाली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढून निवृत्त झाली होती. दीडशे पोरांची कोणती सबब खरी आणि कोणती खोटी ते तिला वासावरून कळायचं. दर नोव्हेंबरला ती तिची छोटी सेव्हन-ओ-एट घेऊन कुट्टूच्या शेतामागे जाऊन बसायची आणि एका बारात एक हरीण घेऊन यायची. रोझेर त्या रायफलीला शिवणाची सुई म्हणायचा. "काय, टाका घालून आलीस?" असं विचारायचा. ती म्हणायची, "हो, आणि गाठही मारली."

"तुझा खांदा दुखतोय," ती आता म्हणाली. "आण इकडे, मी भरून देते. तू नुसता नेम धर."

तिने पाठ वळवून रायफल भरली, खटकन बंद केली, त्याच्या हातात दिली. रोझेरने दस्ता खांद्याला टेकवला, गाल लावला, श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

टिक्.

बार झालाच नाही. रायफल रिकामी होती. पण नळी वीतभर खाली आपटली होती, खांदा पुढे फेकला गेला होता, आणि रोझेरचं तोंड कडू औषधाचा चमचा नाकाशी धरलेल्या लहान मुलासारखं आवळलेलं होतं. डोळे घट्ट मिटलेले.

त्याने ते हळूहळू उघडले. समोर खडी, पुठ्ठा, आणि बाजूला ऑरोर, खिशातलं काडतूस तळहातावर घेऊन उभी.

तिने ते परत खिशात टाकलं. मग ऑरोर म्हणाली, "कॉफी देऊ?"

"तू मला फसवलंस."

"हो."

"कधीपासून माहीत होतं?"

ती थर्मासचं झाकण उघडत म्हणाली, "मधलं काडतूस आणलंस तेव्हा संशय आला. थोरलं आणलंस तेव्हा खात्री झाली."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"बोलले होते. एकदा. तू म्हणालास, दुर्बीण हललीय."

रोझेर नेमबाजीसाठी मांडलेल्या टेबलाच्या कडेवर बसला. कॉफी त्याने हातात धरली, पण प्यायला नाही. "म्हणजे गोळी सुटायच्या आधीच मी..." त्याला शब्द सापडेना. "ऑरोर, मी निम्म्या खोऱ्याला सांगत आलोय."

"ते नंतर बघू. आधी तुला शिकवू."

आणि तिने शिकवलं. रोज संध्याकाळी, तिच्या छोट्या रायफलीवर. ती पाठ वळवून कधी भरून द्यायची, कधी रिकामी, आणि त्याला कळू द्यायची नाही. दहापैकी नऊदा नळी खाली जायची. मग सातदा. सप्टेंबर लागेपर्यंत चारदा. चारच्या खाली मात्र काही केल्या येईना. अंगाला चाळीस वर्षांची सवय. ती काय दोन महिन्यांत ऐकणार? परवान्यावर दुसरं नाव लिहायची सोय असते, त्या दुसऱ्या माणसालाही बार काढता येतो. रोझेरने तिथे ऑरोरचं नाव घातलं. पण गावात कुणी विचारलं की म्हणायचा, "ती येणार माझ्या डब्यासाठी."

सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी हंगाम उघडला. बटाट्यांची काढणी ऐन भरात होती, तरी लुजे आला. "तुझे बटाटे?" ऑरोरने विचारलं. "जमिनीतच आहेत," लुजे म्हणाला. "पळून जाणार नाहीत. रोझेरचा मूस पळेल." लुजेकडे बर्चच्या सालीचा एक लांब कर्णा होता. त्यातून तो मुसाच्या मादीसारखं हुबेहूब कण्हायचा. त्याची बायको म्हणायची की घरी आजारी पडला तरी असंच कण्हतो.

रोझेरने सोबत थोरली रायफलच घेतली होती. ऑरोरने तिच्याकडे पाहिलं आणि आपली छोटी रायफलही गाडीत ठेवली. पहाटे कॉफीच्या टपरीवर सगळं गाव जमतं. तिथे रोझेर मिशो शिवणाची सुई घेऊन उतरला असता तर नाताळापर्यंत लोकांना दुसरा विषय लागला नसता.

सोमवार, मंगळवार उष्ण गेले. असल्या हवेत मूस दाट सावली सोडत नाही. लुजे कण्ह कण्ह कण्हला आणि उत्तराला फक्त एक कावळा आला. बुधवारी मात्र पहाटे गवतावर हिंव पडलं होतं. बुटांखाली ते कुरकुरत होतं. लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्याने तिघं आत गेली आणि दलदलीच्या कडेला, पडलेल्या देवदाराच्या आडोशाला बसली. पलीकडे आल्डरची झुडपं, त्यांच्यावर धुक्याची पट्टी, आणि मागे पिवळी झालेली पॉपलरची झाडं. वारा नव्हता.

लुजेने कर्णा जमिनीकडे धरला आणि वर उचलत एक लांबलचक कण्हणं सोडलं. ते दलदल ओलांडून गेलं आणि पलीकडच्या टेकडीला लागून परत आलं. मग काही नाही. पाच मिनिटं. दहा. रोझेरची बोटं गारठली.

मग दूरवर कुणीतरी लाकडावर लाकूड घासावं तसा आवाज आला. एकदा. पुन्हा. फांदी मोडली. लुजेचे डोळे मोठे झाले. "शिंगं घासतोय," तो ओठांनीच म्हणाला. आणि त्या बाजूने उत्तर आलं. खोल, नाकातून, विहिरीच्या तळातून यावं तसं. हंऽ. दोन पावलं. हंऽ. आणखी जवळ. हंऽ.

मग सगळं थांबलं. इतकं शांत झालं की रोझेरला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येऊ लागलं. तो गेला असावा असं त्याला वाटलं. वास लागला असेल. बत्तीस वर्षं, आणि वास लागला.

आणि झुडपांच्या मधोमध तो उभा होता.

तो कधी आला ते तिघांपैकी कुणालाही कळलं नाही. एवढं धूड, आणि पाऊल वाजलं नाही. चाळीस पावलांवर. आधी रोझेरला तो दिसलाच नाही. झाडांमध्ये एक काळी भिंत दिसली, आणि मग त्या भिंतीने मान हलवली. शिंगं सुपांसारखी रुंद, त्यांवर सोललेली साल लोंबतेय. खांद्यावर बैलासारखं वशिंड, गळ्याखाली केसाळ पोळी, आणि ते सगळं इतक्या उंच पायांवर की आल्डरची झुडपं त्याच्या पोटाखाली आली होती. नाकपुड्यांतून वाफ निघत होती. ओल्या मातीचा, मुताचा, मस्तीचा उग्र वास रोझेरपर्यंत आला. त्याने दुकानात हजार वेळा त्याचं वर्णन केलं होतं. घोड्यापेक्षा उंच, तो म्हणायचा, जसं काही घोडा आणि हा एकाच पट्टीने मोजता येतात! त्याला लाज वाटली. देवाघरून काही थेट आलं असेल तर ते हे, असं त्याला वाटलं, आणि याच्यासाठी आपण काउंटरवर तीन खेळणी मांडून बसत होतो.

तो वळला. आडवा झाला. पुढच्या पायामागची जागा, जिथे गोळी जायला हवी ती, पूर्ण मोकळी.

रोझेरने रायफल उचलली. दुर्बिणीत काळे केस आले. सुरक्षा-खटका सरकवला. बोट चापाकडे गेलं, आणि बोट पोचायच्या आधीच पापण्या थरथरू लागल्या. त्याने त्या उघड्या धरायचा प्रयत्न केला. त्या ऐकेनात. खांदा हळूच पुढे सरकत होता, त्याला न विचारता. दहापैकी चारदा, त्याच्या मनात आलं. आजची वेळ त्या चारांतली की उरलेल्या सहांतली, कोण सांगणार? त्याला बर्फातले थेंब दिसले. एवढ्या मोठ्या जिवाचं पोट फाटून तो या दलदलीत दोन दिवस भटकेल, आणि मी त्याच्या मागे भटकेन.

त्याने रायफल खाली घेतली. हात मागे नेऊन ऑरोरच्या गुडघ्याला स्पर्श केला.

"तू," तो कुजबुजला.

"वेडा आहेस का?" तिचा आवाज श्वासाएवढा. "तेहेतीस वर्षं, रोझेर."

"माझ्याने व्हायचं नाही. सुई काढ."

तिने एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. मग तिची छोटी रायफल देवदाराच्या खोडावर टेकली. रोझेर तिच्या बाजूला, हात मांडीवर, नुसता बघत बसला. त्याला आता काही करायचं नव्हतं. खांद्याला दणका बसणार नव्हता. डोळे मिटायचं कारणच नव्हतं.

बार झाला.

आणि रोझेरने पाहिलं. त्या काळ्या अंगावर, पायामागे, केस एकदा उठले आणि तळ्यात खडा पडावा तशी त्यांतून एक लाट वशिंडापर्यंत गेली. बस. तो हलला नाही. उभाच. जणू ऑरोरने त्याला नुसती हाक मारली होती. रोझेरच्या तोंडाशी आलं, गोळी छोटी पडली, पुन्हा मार! पण ऑरोर शांत होती, तिने दुसरं काडतूस चढवून नेम धरलेला होता आणि ती थांबली होती. मुसाने मान वळवली आणि तिघांकडे पाहिलं. रागाने नाही, भीतीनेही नाही. कुणी नवखं आलंय का हे बघावं तसं. त्याच्या नाकातून वाफेचा एक लोट निघाला, मग दुसरा, छोटा. तिसरा निघालाच नाही. त्याने एक पाय उचलला आणि फार जपून खाली ठेवला. मग त्याचे पुढचे गुडघे वाकले, आणि ते सगळं धूड, शिंगं, वशिंड, सगळं, इतकं सावकाश खाली गेलं की रोझेरला वाटलं ते जमिनीवर पडत नसून जमीनच त्याला घ्यायला वर येतेय. पायाखालची दलदल हलली. ते हलणं त्याला बुटांतून कळलं. मागच्या पॉपलरवरून पाचसहा पिवळी पानं सुटून खाली आली.

लुजेने टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली.

रोझेर रडत होता. आपण रडतोय हे त्याला उशिरा कळलं. ऑरोरने रायफल रिकामी केली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "चुकलं का काही?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "मला माहीतच नव्हतं असं असतं ते."

मग काम. ते काम चार तास चाललं, आणि त्यात रडायला कुणाला फुरसत नव्हती. पोट उघडलं तेव्हा आतल्या उबेने तिघांचे चष्मे धुरकटले. रोझेरने कोपरापर्यंत हात घालून काळीज बाहेर काढलं. दोन्ही हातांत मावेना. गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली होती. लुजेने ट्रेलर रस्त्यावर उभा केला आणि तारेच्या कप्पीने ते धूड इंचाइंचाने वर ओढून घेतलं.

परतताना गाडीत तिघं मांडीला मांडी लावून बसली होती. बराच रस्ता गेल्यावर ऑरोर समोर बघत म्हणाली, "परवाना तुझ्या नावावर आहे. मारलेल्या मुसाची नोंदणी करतात तिथे वजन करतात, दात बघतात. बार कुणी काढला ते मला सांगायची गरज वाटत नाही."

"माझ्या तोंडाला तर कुलूप," लुजे म्हणाला. "पहिल्या बिअरपर्यंत तरी."

रोझेरने आरशात मागे पाहिलं. ट्रेलरच्या दोन्ही बाजूंनी शिंगं बाहेर आली होती. मागे त्याची तीनशे मॅग्नम, नळी स्वच्छ, बारुदाचा वासही न लागलेली. आणि गावात चाळीस माणसं त्याची वाट बघत असणार.

चाळीस नव्हती, साठ होती. नोंदणीच्या केंद्रावर, बटाट्यांच्या जुन्या गोदामाशेजारी, काढणीसाठी शाळेला सुट्टी असल्याने पोरं, पोरांच्या आया, शिकारीच्या नारिंगी टोप्यांतली माणसं. मूस आकड्याला टांगून वर गेला तेव्हा एक लांब 'होऽऽ' झालं. आठशे एकसष्ट पौंड. या आठवड्यातला सगळ्यात मोठा.

"मोनोंक!" गिल्मों थिबोदो पोरं बाजूला सारत पुढे आला. "म्हटलं होतं ना मी! थोरलं ते थोरलंच! एका बारात?"

"एका बारात," रोझेर म्हणाला.

"उभ्या जागी आडवा झाला असेल!"

ऑरोर ट्रेलरची दोरी गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही. लुजे बुटाचं टोक निरखत होता. आता नुसतं हसायचं होतं. हसलं की झालं असतं, आणि रोझेर मिशो मरेपर्यंत त्या काउंटरवर राजासारखा उभा राहिला असता.

"ऑरोरने मारला," रोझेर म्हणाला. "तिच्या धाकट्याने."

कुणीतरी हसलं. विनोद असेल असं वाटून आणखी दोघं हसली. मग रोझेरचं तोंड बघून थांबली.

"आणि तुझी मॅग्नम?" गिल्मोंने विचारलं.

"माझ्या मॅग्नमचं काय विचारतोस, मला विचार. मी चाप ओढताना डोळे मिटतो, गिल्मों. चाळीस वर्षं मिटत आलोय. इतकी हरणं मारली, इतकी जखमी करून सोडली, आणि एकही पडताना पाहिलं नाही. आधी ते उभं असायचं, मग डोळे उघडले की पडलेलं असायचं, नाहीतर नसायचंच." त्याचा आवाज फाटला. त्याने तो परत जागेवर आणला. "दणक्याला घाबरलो, म्हणून चुकलो. चुकलो, म्हणून मोठी घेतली. आणि मग तुम्हाला सगळ्यांना तीच दिली. आज बार दुसऱ्याचा होता म्हणून पहिल्यांदा डोळे उघडे राहिले."

गोदामापाशी कुणी हलत नव्हतं. वर टांगलेला मूस मात्र साखळीवर किंचित फिरत होता.

मग रोझेरने सांगितलं. केसांतून गेलेली लाट, वळलेली मान, ते बघणं, दोन वाफा, जपून ठेवलेला पाय, आणि तो खाली जाताना बुटांतून कळलेली जमीन. हात हलवून, हळू, एकही गोष्ट न वाढवता. आयुष्यभर शिकार केलेली माणसं ती. पण मान पुढे काढून पोराटोरांसारखी ऐकत होती.

तो थांबल्यावर गिल्मोंने टोपी काढली आणि तिची कड बोटांत फिरवत राहिला. एवढा मोठा माणूस, पण त्याचे कान लाल झाले होते.

"मोनोंक," तो हळूच म्हणाला, "ते परत सांग ना. गोळी लागल्यावर काय होतं ते. मीही कधी पाहिलं नाही."